हाताची वजावट

माझ्या हाताची किंमत उणे चौदा आहे, हे मला एका मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी समजलं. समजावणारा मोबाइल होता, ठरवणारा कुत्रा होता आणि ऐकून हसणारी बायको होती. तिघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की बाबा रे, तुला कसं वाटतंय?

"उणे?" केतकी म्हणाली. "निदान शून्य तरी द्यायचं. सहा वर्षं फिरवतोयस त्याला."

"यंत्र नवीन आहे. स्थिरावायला वेळ लागतो."

"माझे अधिक सहा आलेत. माझ्या वेळी लगेच स्थिरावलं वाटतं."

हे गुण देणारा डिंक्या पंख्याखाली चारी पाय पसरून पडला होता. लॅब्राडॉर, वजन चौतीस किलो, रंग चहात बुडवलेल्या टोस्टचा. पिल्लू होता तेव्हा दिवसभर पोटरीला चिकटून असायचा, म्हणून नाव डिंक्या. पोटरी माझी होती. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढे या बाबतीत बरेच गैरसमज होणार आहेत.

आता यंत्राविषयी. मी कनिष्ठ महाविद्यालयात सव्वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतो आहे, त्यामुळे थोडक्यात सांगणं मला जमत नाही. प्रयत्न करतो.

त्या वर्षी, म्हणजे २०४१ साली, आमच्या शहरात पाणी ही एक वस्तू राहिली नव्हती. नळाला धरणाचं पाणी यायचं, त्यात बोअरचं मिसळलेलं असायचं, आणि उरलेलं म्हणजे आपणच वापरून सोडलेलं पाणी शुद्ध होऊन घरी परत आलेलं. मिश्रणाचं प्रमाण रोज बदलायचं. माणसांना त्याने काही होत नसे. माणसं सगळ्या चाचण्या वाचून, नाक मुरडून, मुकाट्याने पीत. शिवाय खाजगी टँकर होते. दोन उन्हाळ्यांपूर्वी अशाच एका टँकरच्या तळ्यातलं पाणी पिऊन आमच्या भागातली अकरा कुत्री गेली. पाणी दिसायला आरशासारखं. पण त्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष होतं. नंतरच्या चौकशीत एक गोष्ट पुढे आली, जी ऐकणं कुणालाच सोसलं नाही. त्या अकराही कुत्र्यांनी पाणी हुंगून आधी तोंड फिरवलं होतं. मालकांनी डोक्यावरून हात फिरवून, "पी रे राजा, पी," म्हणत त्यांना ते पाजलं होतं.

म्हणजे कुत्र्याला कळतं. आपल्याला कुत्र्याचं कळत नाही. त्यावर उपाय म्हणून घ्राणपट्टी आली.

कुत्र्याच्या दोन डोळ्यांच्या मध्ये, कपाळाच्या हाडामागे, वासाचा मज्जाकंद असतो. आपल्याकडे तो वाटाण्याएवढाही नाही. त्याच्याकडे चांगला जर्दाळूएवढा आहे. कुत्रा काही हुंगतो तेव्हा त्या कंदात विजेच्या अगदी बारीक लाटा उठतात, आणि क्लोरीनची लाट वेगळी, नायट्रेटच्या पाण्यात वाढणाऱ्या जंतूंची वेगळी, शेवाळाची वेगळी असते. हजारो कुत्र्यांच्या लाटा गोळा करून त्यांचा एक कोश तयार केला गेला. नाण्याएवढी मऊ पट्टी कपाळावर चिकटवायची. ती लाटा टिपते, कोशाशी जुळवते आणि मोबाइलवर शून्य ते शंभरमध्ये आकडा देते. पन्नासच्या वर असेल तर पाजा, खाली असेल तर ओता. पट्टी लावल्यावर डिंक्या गंध लावून बसलेल्या कीर्तनकारासारखा दिसायचा आणि तितकाच भूक लागल्यासारखाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोळ पुढच्या सुधारणेत झाला. पाण्याचं भांडं ठेवणाऱ्या माणसाचा वासही पाण्याबरोबर कुत्र्याच्या नाकात जातो. भाजी पिशवीसकट तोलली तर पिशवीचं वजन वजा करावं लागतं, तसा पाण्याच्या गुणांतून हाताचा वास वजा करायला हवा. त्यासाठी यंत्र एक साधी युक्ती करी. एकाच माणसाने वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळं पाणी दिलं, की त्या सगळ्या वेळांमध्ये जे सारखं राहतं तो त्या माणसाचा हात. याला पट्टी बनवणाऱ्या कंपनीने नाव दिलं 'हाताची वजावट'. शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष कल्पना. फक्त तो वजा केलेला आकडा पडद्यावर दाखवायची गरज नव्हती. पण लोकांना आकडे आवडतात, आणि दुसऱ्याचे आकडे तर फारच आवडतात.

पहिल्या पंधरवड्यात आमच्या सोसायटीत एका सासूने सुनेशी बोलणं सोडलं होतं.

* * *

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये सुदाम गायधनी राहत. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, बायको वारून चार वर्षं झालेली. त्यांचं दार दिवसभर उघडं असे आणि दाराशी चेपलेलं स्टीलचं पातेलं भरून ठेवलेलं असे. का, तर येणाऱ्याजाणाऱ्या मांजराला. मांजर कधी आलं नाही. डिंक्या मात्र आपल्या घरातून उठून, माझ्यासमोरून, जिन्याचा चौक ओलांडून तिथे जाऊन लपलप पाणी पिऊन यायचा आणि पुन्हा आमच्या घरात येऊन मुक्काम टाकायचा. मला वाटे, कुत्रा सामाजिक प्राणी आहे, चालायचंच.

उणे चौदा कळलं त्याच संध्याकाळी मोबाइल वाजला. केतकीने वाचलं.

"अनोळखी हात. अधिक एकतीस."

"कोण?"

"आता आपल्या घरात आपण दोघंच. समोर कोण राहतं सांगू?"

"एकतीस?"

"एकतीस. अधिक."

बायको शेजाऱ्याकडे ओढली गेली असती तर चार लोकांनी खांद्यावर हात ठेवला असता, एखाद्याने चहा पाजला असता. कुत्रा ओढला गेला तर लोक हसतात. या दुःखाला समाजात जागा नाही.

मी चौकशीसाठी गेलो. गायधनी लुंगी नेसून, खाली बसून रेडिओ उघडून दुरुस्त करत होते. २०४१ साली.

"या सर. बसा. तुमचा प्रवासी आत्ताच उतरला."

"गायधनी, हे पाणी कधीचं आहे?"

"हे? परवाचं असंल. का हो?"

"शिळं आहे."

"मग त्याला सांगा की तसं."

शिळ्या पाण्याचं मला कोडं नव्हतं. नळाच्या पाण्यातला क्लोरीन दोन दिवस उघड्या भांड्यात राहिला की उडून जातो; कुत्र्याच्या नाकाला ते बरं वाटतं. पाण्याला एकाहत्तर गुण मिळाले होते ते त्यामुळे, आणि ते मी विज्ञानाचा माणूस म्हणून मोकळ्या मनाने मान्य केलं. पण हाताचे एकतीस? हाताला काय दोन दिवस उघडं ठेवलं होतं?

"तुम्ही त्याला काही खायला घालता का?"

"नाही बुवा. तुम्हीच नको म्हणाला होता ना. मी आपलं 'चला, पुढे सरका' म्हणतो, तो पितो."

"एवढंच?"

"कधी कधी डबल बेल देतो." त्यांनी पातेल्यावर स्क्रूड्रायव्हर दोनदा वाजवला. आमच्या घरातून, बंद दारामागून, डिंक्या भुंकला. मला कधी तो असा भुंकलेला आठवत नाही. म्हणजे आनंदाने.

* * *

इथे आमच्या घरच्या पाण्याविषयी सांगायला हवं, कारण मी निष्काळजी माणूस आहे असा कुणाचा समज व्हायला नको. केतकी संध्याकाळी बँकेतून आली की स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या जगमधून त्याच्या वाडग्यात साधं गाळलेलं पाणी ओतायची. बायकांना घाई असते. सकाळची जबाबदारी माझी, आणि ती मी माझ्या पद्धतीने पार पाडत असे. आमच्याकडे आईची तांब्याची कळशी आहे. तांब्यातलं पाणी रात्रभर ठेवून पहाटे प्यायचं, ही आमच्या घराची रीत. मी स्वतः तीस वर्षं पीत आलोय. डिंक्या घरातलाच, तेव्हा त्यालाही तेच. आरओचं स्वच्छ पाणी कळशीत भरायचं, वर झाकण, आणि सकाळी माझ्या ओंजळीने त्याच्या वाडग्यात. ती कळशी मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. केतकी एकदा म्हणाली होती, "त्याला साधं पाणी दिलं तरी चालेल रे." मी म्हणालो होतो, चालेल आणि लाभेल यात फरक असतो.

तर एवढं करूनही उणे चौदा.

मी कारणं शोधायला लागलो. आधी साबण बदलला. मग आफ्टरशेव्ह बंद केलं. मग कॉलेजात खडूला हात लावेनासा झालो; मुलांना वाटलं, मला वरिष्ठ श्रेणी मिळाली. उणे पंधरा. गायधनी खोबरेल लावतात म्हणून मी खोबरेल लावायला लागलो. उणे पंधरा. एका दुपारी त्यांचा पंचा गॅलरीच्या दोरीवर वाळत होता, तो मी काढून आणला आणि तळहात, मनगटं, बोटांच्या बेचक्या व्यवस्थित पुसून घेतल्या. त्या वेळी आकडा उणे अकरा आला. चार गुणांनी मी इतका सुखावलो, की वार्षिक पगारवाढीने कधी सुखावलो नव्हतो.

संध्याकाळी गायधनी दारात.

"सर, माझा पंचा वाऱ्याने तुमच्याकडं आला का?"

"वारा कुठंय आज?"

"तेच म्हणतो मी."

केतकीने माझ्या मागून हात घालून सोफ्याच्या उशीखालचा पंचा काढून त्यांच्या हातात दिला. "धुऊन देते," म्हणाली. गायधनींनी तो नाकाला लावला, माझ्याकडे पाहिलं आणि गेले. त्यांचं नाकही काही वाईट नसावं.

"हृषी, तुला माहितीये ना तू काय करतोयस?" दार लावून केतकी म्हणाली.

"नियंत्रित प्रयोग."

"तू जळतोयस. एका कंडक्टरवर. कुत्र्यावरून."

"मी जळत असतो तर त्याला येऊ दिलं नसतं."

हे बोलल्यावर मला जाणवलं, की तसंही करता येईल.

* * *

पुढच्या रविवारी सोसायटीच्या सभेत मी ठराव मांडला. कुणीही दुसऱ्याच्या पाळीव प्राण्यास परस्पर पाणी पाजू नये. सोबत शेवाळाच्या विषावर सात मिनिटांचं भाषण केलं. सत्याहत्तर वर्षांचे अध्यक्ष ते ऐकून स्वतःच्या ग्लासातलं पाणी न पिताच उठले. ठराव एकमताने पास झाला. एकमतात गायधनींचाही हात होता. तो वर गेलेला हात मी बराच वेळ पाहत होतो. साधा हात. करंगळीच्या नखाला शाई.

पायऱ्या उतरताना ते म्हणाले, "सर, मला सरळ सांगितलं असतं तरी चाललं असतं हो. मीटिंग कशाला?"

मी म्हणालो, "व्यक्तिशः घेऊ नका. धोरण आहे."

"हां, धोरण," ते म्हणाले. आमच्या समोरचं दार चार वर्षांत पहिल्यांदा बंद झालं.

डिंक्या त्या दाराकडे तोंड करून चौकात बसू लागला. मी त्याला आत ओढून आणी. केतकीचं संध्याकाळचं पाणीही मी माझ्याकडे घेतलं. म्हटलं, एकाच हाताची सवय लागली की गोडी लागेल. आता दिवसातून तीन वेळा फक्त मी. कळशी मी रोज चिंच-मीठ लावून अशी घासू लागलो, की तिच्यात माझं तोंड दिसायचं. पाणी ताजं, कळशी झळझळीत, ओंजळ माझी. याहून जास्त प्रेम कुठल्या कुत्र्यावर कुणी केलं असेल, मला माहीत नाही.

उणे एकोणीस. उणे बावीस. उणे सत्तावीस.

डिंक्या वाडग्याशी यायचा, हुंगायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी त्याच्या शेजारी फरशीवर बसायचो. "पी रे राजा. माझ्यासाठी पी." तो दोनदा जीभ लावायचा आणि डोकं खाली घालायचा.

"त्याला नको असेल ते पाणी," केतकी म्हणाली.

"पाण्याचं काय आहे! पाण्याला पासष्ट गुण आहेत. हे बघ. त्याला मी नको आहे."

"अरे, मग मी देते ना."

"तुझे अधिक सहा माहितीयेत मला."

तिने हातातला जग ओट्यावर ठेवला. मग शांतपणे म्हणाली, "तुला कुत्रा हवाय का मार्क?"

प्रश्न वर्गात विचारला असता तर मी दोन गुणांना ठेवला असता.

* * *

तिसऱ्या आठवड्यात त्याने खाणं सोडलं. सकाळी उलटी, दुपारी उलटी. शुक्रवारी केतकीने त्याची पापणी वर केली आणि मला हाक मारली. डोळ्याचा पांढरा भाग हळदीचा हात लागल्यासारखा पिवळा झाला होता.

डॉक्टर रुखसार मोमीन आमच्या भागातल्या प्राण्यांच्या डॉक्टर. अकरावी-बारावीला माझ्याच वर्गात होत्या, तिसऱ्या बाकावर. त्यांनी रक्त घेतलं, पोटाची सोनोग्राफी केली, यकृताचा सुईच्या टोकाएवढा तुकडा काढून तपासला. दुसऱ्या दिवशी आम्हाला आत बोलावलं.

"सर, याच्या यकृतात तांबं साठलंय. भरपूर."

"तांबं?"

"या जातीत काही कुत्र्यांना हा दोष जन्मतःच असतो. आपलं यकृत जादा तांबं पित्तातून बाहेर टाकतं. यांना ते नीट जमत नाही, मग साठतं आणि पेशी मरतात. काही भाग खाण्यातून आलाय, वर्षानुवर्षांचा. पण रक्तातले आकडे गेल्या तीन आठवड्यांत एकदम चढलेले दिसतात. याच्या पाण्यात काही बदल केला होता का?"

केतकीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी माझ्याच तोंडाने सगळं सांगितलं. कळशी. आईची. रोज घासलेली. दिवसातून तीनदा. आरओचं पाणी.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"आरओचं पाणी, सर? तांब्यात?"

"माहीत आहे मला."

"क्षार काढून घेतलेलं पाणी जरा आम्ल होतं आणि धातू..."

"रुखसार, माहीत आहे मला."

"तुम्हीच शिकवलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "आणि घासल्यामुळे वरचा काळा थर जातो. तो थर होता म्हणून इतकी वर्षं कमी उतरत होतं."

मग त्यांनी माझा मोबाइल मागितला आणि घ्राणपट्टीच्या नोंदी वर-खाली करून पाहिल्या. उणे चौदा, उणे एकोणीस, उणे सत्तावीस. मला भर चौकात कपडे उतरवल्यासारखं झालं.

"हा तुमचा हात नाहीये, सर."

"म्हणजे?"

"नाणं घामट मुठीत धरलं की एक वास येतो ना? धातूला कातडी लागली की येतो तो. त्या वासाची लाट आहे ही. आता मला सांगा, त्या कळशीतून तुमच्याशिवाय कुणी कधी पाणी दिलंय?"

"नाही. मी हात लावू देत नाही."

"आणि तुम्ही कळशीशिवाय?"

"कधीच नाही."

"मग यंत्राने तुम्हाला आणि कळशीला वेगळं कसं करायचं? दोघं कायम जोडीने आलात. त्याने सगळं तुमच्या नावावर घातलं. पाण्याला म्हणून पासष्ट गुण राहिले." त्यांनी मोबाइल परत दिला. "तो तुम्हाला नाही म्हणत नव्हता, सर. पाण्याला म्हणत होता. महिनाभर म्हणत होता."

माझ्या मनात त्या क्षणी पहिली गोष्ट काय आली, ते लिहायला नको आहे, पण लिहितो. मला आनंद झाला. काचेपलीकडे माझा कुत्रा पिवळा पडून सलाइनवर होता, तो मी आजारी पाडला होता, आणि माझ्या छातीत काहीतरी उडी मारून म्हणत होतं: म्हणजे उणे चौदा माझे नव्हतेच!

केतकीला ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात असं फार थोडं असतं जे दिसत नाही. ती उठून काचेपाशी जाऊन उभी राहिली.

* * *

औषध होतं. तांब्याला पकडून लघवीवाटे बाहेर नेणारं. पण त्यासाठी पाणी जायला हवं, दिवसाला किमान दोन लिटर. आणि डिंक्याने पाणी सोडलं होतं. वाडगा पुढे आला की मळमळणार, एवढंच त्याला आता माहीत होतं. डॉक्टरांच्या हातून नाही, केतकीच्या नाही. माझ्या हातून तर तो डोळेच मिटून घ्यायचा. सहा दिवस सलाइन झालं, पायाच्या शिरा सुजल्या.

"घरी न्या," डॉक्टर म्हणाल्या. "ओळखीच्या जागी कदाचित पिईल. जुना हिशेब मी यंत्रातून पुसलाय, सगळे हात कोरे. दोन दिवस बघू. स्वतःहून नाही प्यायला, तर औषधच मूत्रपिंडाला जड जाईल, ते थांबवावं लागेल."

"आणि थांबवलं तर?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. माझ्या वर्गात त्या अशाच होत्या. उत्तर येत असेल तेव्हाच गप्प.

घरी आणून त्याला चौकात, आमच्या दाराजवळ निजवला. केतकी म्हणाली, "जातोस का मी जाऊ?"

मी गेलो. त्या दाराची बेल मी कधी वाजवली नव्हती, गरजच पडली नव्हती. गायधनींनी दार उघडलं, पण अर्धंच.

"गायधनी, जरा येता का? डिंक्या पाणी पीत नाही."

"मी पाजलं तर चालत नाही ना, सर. नियम आहे."

"नियम मीच केलाय."

"म्हणून तर पाळतो. माझा असता तर मोडला असता."

मी उभा राहिलो. सबबी संपल्या होत्या, तेव्हा खरं सांगितलं. "मी त्याला तांब्याचं पाणी पाजून आजारी पाडलं. तो नको म्हणत होता. मला वाटलं, तो मला नको म्हणतोय. आणि तुमच्याकडे प्यायचा ते मला बघवत नव्हतं. पंचा मीच नेला होता."

"पंच्याचं माहितीये हो," ते म्हणाले. मग माझ्या खांद्यावरून चौकात पाहिलं. डिंक्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. त्यांचा चेहरा बदलला. "आं? हा एवढासा कसा झाला? आणि बेल वाजवायला आज आलात होय तुम्ही?"

ते आत गेले. कपाटाची खुडबूड झाली. चेपलेलं पातेलं घेऊन आले, पाठोपाठ झाकलेली बादली. "परवाचं आहे," म्हणाले. "शिळं."

मी बादलीचं झाकण काढून दिलं.

त्यांचे गुडघे वाकत नव्हते. स्टुलावर बसून त्यांनी पातेलं डिंक्याच्या तोंडाशी नेलं, पण त्याला मान उचलवत नव्हती, आणि स्टुलावरून पातेलं तेवढं खाली पोहोचेना. ते तिरकं झालं, थोडं पाणी फरशीवर सांडलं.

"सर, ती बाजू धरा. खालून."

"माझा हात लागला तर तो पिणार नाही."

"पातेलं पडलं तरी पिणार नाही. धरा."

मी फरशीवर आडवा होऊन माझ्या बाजूचा काठ धरला. केतकीने त्याची मान मांडीवर घेतली. पाणी त्याच्या मिशांना लागलं. त्याने हुंगलं. कपाळावरची पट्टी जराशी हलली. बराच वेळ गेला. वरच्या मजल्यावर कुणीतरी मिक्सर लावून बंद केला. मी "पी" म्हणालो नाही. तोंडात आलेलं गिळलं.

मग त्याने हुंगणं थांबवलं आणि डोळे उघडून एकदा गायधनींकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. जीभ बाहेर आली. एकदा. थांबला. पुन्हा. मग लपलप आवाज सुरू झाला, आणि केतकी मान वळवून डोळे पुसायला लागली. अर्धं पातेलं संपलं. मी काठ सोडला नाही.

मोबाइल वाजला.

"काय आलं?" गायधनींनी विचारलं. त्यांनाही उत्सुकता होती; माणूसच होते.

केतकीने वाचलं. "पाणी अडुसष्ट. हात दोन. एकत्रित अधिक अठरा, पहिला अंदाज."

"त्यात माझे किती?"

"वेगळे काढता येत नाहीत म्हणतंय. त्यासाठी दोघांनी वेगवेगळं पाजावं लागेल."

डिंक्या पीत होता. अठरा. एकतीस आणि उणे तेरा मिळून अठरा होतात, हे माझ्या डोक्यात आपोआप झालं. नऊ आणि नऊ मिळूनही होतात, हे मी नंतर मुद्दाम केलं.

"कशाला मग वेगवेगळं?" गायधनी म्हणाले. "रोज येत जाईन मी. दोघं मिळून पाजू."

"दोघं मिळूनच," मी म्हणालो. आणि पातेल्याच्या काठावरचा माझा अंगठा, कुणाच्या लक्षात येणार नाही इतकाच, पाण्यात आत सरकवला.